तळे सोडून गेलेला बेडूक

बेडकाचे जीवनचक्र काढा असा प्रश्न आला की तुमच्यापैकी बहुतेकांचा हात आपोआप चालू लागतो. पाण्यात तरंगणारा अंड्यांचा चिकट पुंजका, त्यातून बाहेर पडलेले शेपटीवाले भैकेर, मग त्याला फुटलेले मागचे पाय, मग पुढचे, आखडत गेलेली शेपटी आणि सरतेशेवटी काठावर येऊन बसलेला बेडूक. बाणांनी जोडलेली ही चित्रे काढली की पूर्ण गुण मिळतात, आणि ते मिळायलाही हवेत, कारण चित्रात चूक काहीच नाही. फक्त ती एका विशिष्ट बेडकाची चित्रे आहेत. पावसाळ्यात डबक्याकाठी डरांव डरांव करणारा, नर असेल तर विणीच्या काळात पिवळाधमक होणारा जो मोठा बेडूक आपण सारे ओळखतो, तो हा. शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. मागच्या पिढीतल्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत चिरला तोही हाच. तेव्हा त्याला राना टायग्रिना म्हणत. भारतात बेडकांच्या चारशेहून अधिक जाती आहेत, पण पुस्तकातला ‘बेडूक’ म्हणजे हा एकटा. बाकीच्यांवर थोडा अन्यायच झाला म्हणायचा.

आता त्या बाकीच्यांपैकी एक पाहू. लांबी दोन ते अडीच सेंटिमीटर. रुपयाच्या नाण्यावर बसला तर नाणे जेमतेम झाकेल. रंग वाळक्या पानासारखा तपकिरी, कधी पिवळसर, कधी राखी. बोटांची टोके चपटी आणि गोल, बारीक बटणासारखी. त्यांच्या आधाराने तो ओल्या पानावर, अगदी उभ्या फांदीवरही घट्ट चिकटून बसतो. दिवसा तो सहसा दिसत नाही. पाऊस सुरू झाला आणि अंधार पडला, की घाटमाथ्यावरच्या झुडपांतून याच्या नरांचा बारीक, टोकदार आवाज येऊ लागतो. नवखा माणूस तो रातकिड्याचाच समजतो. बॅटरीच्या उजेडात नीट शोधले तर पानावर बसलेला नर दिसतो, आणि त्याच्या गळ्याखाली पातळ कातड्याचा, टम्म फुगलेला फुगा दिसतो. हा त्याचा स्वरकोश. एवढ्याशा देहातून एवढा मोठा आवाज निघतो तो या फुग्याच्या जोरावर.

याला आपण झुडूपबेडूक म्हणू. सह्याद्रीत यांची मोठी बिरादरी आहे. त्यांतल्या एका जातीचे वर्णन नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१९ साली केले. अ‍ॅनंडेल हे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. त्यांना मिळालेले नमुने गोव्याच्या सरहद्दीजवळच्या कॅसल रॉक येथील होते, आणि हा भाग त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे. म्हणून जातीचे नाव पडले बॉम्बेएन्सिस. मुंबई शहराशी या नावाचा काही संबंध नाही. पुढे २०१० साली या साऱ्या बिरादरीसाठी राओर्चेस्टिस ही नवी प्रजाती करण्यात आली. तिच्या नावातले ‘राव’ म्हणजे बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातले सी. आर. नारायण राव. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, साधने अगदी तुटपुंजी असताना, त्यांनी दक्षिण भारतातल्या बेडकांचा अभ्यास उभा केला. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतून याच प्रजातीची आणखी एक जाती अनिल पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली नोंदवली. पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांच्या नावावरून तिला राओर्चेस्टिस घाटेई म्हणतात. म्हणजे पुण्या-साताऱ्याच्या परिसरात, माणसांच्या वर्दळीपासून फार लांब नसलेल्या डोंगरांत, एक बेडूक २०१३ सालापर्यंत शास्त्राच्या दृष्टीने बिननावाचा होता.

पण नावाहून अधिक नवल आहे ते त्याच्या अंड्यांचे. झुडूपबेडकाची मादी अंडी घालते ती पाण्यात नव्हेच. ओल्या पालापाचोळ्याखाली, मातीच्या ओलसर खळग्यात, शेवाळात, काही जाती झुडपाच्या पानावर. दक्षिणेकडच्या काही जाती तर बांबूच्या पोकळ पेरात अंडी घालतात. पेराला पडलेल्या चिरेतून आत शिरायचे आणि संसार मांडायचा. डबक्यातला मोठा बेडूक एका वेळी हजारांनी अंडी घालतो, झुडूपबेडकाची अंडी हाताच्या बोटांवर दोन-चार वेळा मोजली की संपतात. तीन-चार आठवडे गेले की अंड्याचे आवरण फाटते आणि आतून बाहेर येतो तो बेडूकच. तांदळाच्या दाण्याएवढा, पण चार पायांचा. भैकेर कुठे गेले?

हे समजून घ्यायचे तर भैकेराची अडचण आधी समजून घेतली पाहिजे. भैकेर हा एक प्रकारचा मासाच. तो कल्ल्यांनी श्वास घेतो, शेपटीने पोहतो आणि शेवाळ खरवडून खातो. त्याला बेडूक व्हायला महिना-सव्वा महिना लागतो, आणि तोपर्यंत त्याचे डबके टिकले पाहिजे. डबक्यात शत्रूही कमी नसतात. चतुराच्या अळ्या, पाणकिडे, मासे, पाणसाप, बगळे, सगळ्यांना भैकेर आवडतात. सपाटीवर निदान डबके तरी मिळते. डोंगरउतारावर पडलेला पाऊस थांबतच नाही, धो धो वाहून जातो आणि त्या लोंढ्यात अंडी ठेवणे म्हणजे ती समुद्राला देणे. अशा ठिकाणी राहणाऱ्या बेडकांनी पाण्यापासून थोडे थोडे दूर सरकण्याच्या निरनिराळ्या युक्त्या साधल्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी आपल्याच राज्यात पाहायला मिळतात.

विहिरीच्या किंवा हौदाच्या भिंतीला, पाण्याच्या वर हातभर, साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा चिकटलेला तुम्ही पाहिला असेल. तो वृक्षमंडूकाचा. मादी अंड्यांबरोबर येणारा चिकट द्रव मागच्या पायांनी घुसळून फेस करते. वरून फेस वाळतो, आत अंडी ओली राहतात. भैकेर तयार झाले की टपटप खाली पाण्यात पडतात. म्हणजे अंडी पाण्याबाहेर, बालपण मात्र पाण्यात. घाटातल्या ओढ्यांकाठचा निशाबेडूक, निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी, फेसही करत नाही. ओढ्यावर झुकलेल्या पानावर किंवा ओल्या खडकावर अंडी चिकटवतो. (१९५५ साली वर्णन झालेल्या या जातीला पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांचे नाव दिलेले आहे.) याहून पुढची पायरी माथेरानला सापडते. तिथल्या नमुन्यांवरून बूलेंजर यांनी १८८८ साली वर्णन केलेला इंडिराना लीथी हा बेडूक घ्या. याचे भैकेर डबक्यात राहतच नाहीत. पावसाळ्यात ज्या खडकांवरून पाण्याचा पातळ पापुद्रा झिरपत असतो, त्या खडकांना ते चिकटून असतात. शेपटी लांब आणि बारीक, मागचे पाय लवकर फुटलेले. धक्का लागला तर पोहत नाहीत, उड्या मारतात! भैकेराने खडकावर उड्या माराव्यात हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरे वाटत नाही.

या पायऱ्या मी एकामागे एक मांडल्या, याचा अर्थ झुडूपबेडकाचे पूर्वज याच जिन्याने चढत गेले असा घेऊ नका. हे बेडूक वेगवेगळ्या कुळांतले आहेत. पाण्यापासून सुटण्याचे मार्ग अनेक आहेत एवढेच यातून दिसते. झुडूपबेडूक त्यांत सर्वांत लांब गेला.

तो गेला कसा, याचा उलगडा अंड्यात होतो. त्याचे अंडे त्याच्या देहाच्या मानाने मोठे असते आणि त्यात पीतक, म्हणजे पिवळा बलक, भरपूर असतो. भैकेराला जे अन्न डबक्यात खरवडून मिळवावे लागते, ते इथे आईने आधीच शिदोरीसारखे बांधून दिलेले असते. मोठ्या अंड्याचा दुसरा फायदा तुम्हांला गणितानेच काढता येईल. गोलाचे पृष्ठफळ भागिले घनफळ केले की उत्तर येते सहा भागिले व्यास. समजा एका अंड्याचा व्यास २ मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याचा ५. पहिल्यात हे गुणोत्तर ३ येते, दुसऱ्यात १.२. पाणी उडून जाते ते पृष्ठभागातून. तेव्हा मोठे अंडे, त्यात मावणाऱ्या पाण्याच्या मानाने, सावकाश सुकते. जमिनीवर अंडी घालणाऱ्याला ही गोष्ट फार मोलाची.

मात्र हाच हिशेब उलटाही लागतो. ऑक्सिजन आत येतो तोही पृष्ठभागातूनच! पाणी राखायला जो आकार चांगला, तो श्वासाला गैरसोयीचा. इथे भ्रूणाची शेपटी कामाला येते. ही शेपटी पोहण्यासाठी नसतेच. ती रुंद, पातळ आणि रक्तवाहिन्यांच्या जाळ्याने भरलेली असते आणि अंड्याच्या आवरणाला आतून लागून पसरते. बाहेरचा ऑक्सिजन ती टिपून घेते. पिल्लू बाहेर पडण्याच्या सुमारास ती आक्रसून जाते. भैकेराची काही साधने, जसे शेवाळ खरवडण्याची शिंगासारखी कठीण चोच, या भ्रूणात तयारच होत नाहीत. पायांचे कोंभ मात्र फार लवकर दिसू लागतात.

मग भैकेराची अवस्था खरोखर नाहीशी झाली की नुसती लपली? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. त्याचे उत्तर सह्याद्रीपासून फार दूर, वेस्ट इंडीजमधल्या पोर्तो रिको बेटावरच्या कोकी नावाच्या लहान बेडकावरून मिळाले. ‘को-की’ असे ओरडतो म्हणून कोकी. त्याचीही पिल्ले अंड्यातून थेट बेडूक होऊन निघतात, सुमारे तीन आठवड्यांनी, आणि तोवर नर अंड्यांवर बसून त्यांना ओलावा देत राहतो. कोकीचे आणि आपल्या झुडूपबेडकाचे जवळचे नाते नाही. दोघांनी ही वाट स्वतंत्रपणे शोधली.

प्रयोग समजण्यासाठी एक जुनी गोष्ट माहीत हवी. १९१२ साली गुडरनाच या संशोधकाने साध्या भैकेरांना घोड्याच्या अवटू ग्रंथीचे तुकडे खायला घातले. ते भैकेर वाढायच्या आधीच भराभर पालटले आणि माशीएवढे बेडूक झाले. त्यावरून कळले की भैकेराचा बेडूक करण्याचा हुकूम अवटू ग्रंथीचे संप्रेरक देते. (आपल्या गळ्यातही ही ग्रंथी असते, आयोडीनयुक्त मीठ खा असे सांगतात ते तिच्यासाठी.) आता कोकीला भैकेरच नाही, तेव्हा त्याला या हुकुमाची गरज नसावी असे कोणालाही वाटेल. एलिझाबेथ कॅलरी आणि रिचर्ड एलिन्सन यांनी ते तपासले आणि निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. त्यांनी कोकीच्या अंड्यांतील भ्रूणांत या संप्रेरकाची निर्मिती औषधाने रोखली, तर भ्रूणाचा विकास मध्येच अडला. शेपटी आक्रसेना, बेडूक पुरा होईना. बाहेरून संप्रेरक दिले तेव्हा काम पुन्हा सुरू झाले. म्हणजे रूपांतर घडते, हुकूमही तोच. फक्त ते बंद दाराआड, अंड्यात घडते. तुमच्या वहीतल्या चित्रातले बाण पुसायचे नाहीत. त्यांच्याभोवती अंड्याचे वर्तुळ काढायचे.

तळे सुटले खरे, पण पाण्याची गरज सुटली नाही. बेडकाचे कातडे उघडे असते. त्यावर खवले नाहीत, केस नाहीत. त्यातून श्वासही घेतला जातो आणि त्यातूनच पाणी उडूनही जाते. कोंबडीच्या अंड्याला जसे टरफल असते तसे बेडकाच्या अंड्याला नसते, नुसता जेलीसारखा थर. तेव्हा झुडूपबेडकाने डबक्याच्या जागी दुसरे काहीतरी धरले असले पाहिजे. ते म्हणजे हवेतला आणि पाचोळ्यातला ओलावा. महिनाभर न सुकणारी जमीन ज्याला हवी, त्याला धुक्यात बुडालेले डोंगरी जंगलच लागते.

हे नाशिककरांना समजावून सांगायला नकाशाही पुरेसा आहे. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून ईशान्येला सुमारे ४५ किलोमीटरवर नाशिक, तिथे सातशेच्या आसपास. आणखी पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे पाचशेच्या आसपास. एका तासाच्या आगगाडीच्या प्रवासात पावसाचा इतका मोठा उतार! गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि लगेच कोरड्या मुलखात शिरते ती यामुळेच. येवल्याचा बेडूक जमिनीत शिरून कोरडे महिने काढतो, वळवाच्या पावसाने बाहेर येतो आणि डबके आटायच्या आत घाईने वीण उरकतो. झुडूपबेडकाला हा मुलूख म्हणजे वाळवंट. त्याला चालत ओलांडायचा म्हटले तरी जमणार नाही.

आणि नेमक्या याच कारणाने झुडूपबेडकांच्या इतक्या जाती झाल्या. राओर्चेस्टिस प्रजातीत आज सत्तरहून अधिक जाती ठाऊक आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य पश्चिम घाटातल्या. एक ओला डोंगर, मग कोरडी खिंड, मग दुसरा ओला डोंगर, अशी रचना असली की डोंगर हे बेटांसारखे होतात. केरळातली पालघाटची खिंड तीस-चाळीस किलोमीटर रुंद आहे. हत्तीला ती काहीच नाही, अडीच सेंटिमीटरच्या बेडकाला ती समुद्र आहे. अलीकडचे आणि पलीकडचे बेडूक लाखो वर्षे भेटलेच नाहीत तर हळूहळू निराळे होतात. डोळ्यांना ते सारखेच दिसतील, पण हाक बदललेली असते, आणि मादी ओळखते ती हाकेवरून. म्हणून आजचे अभ्यासक डीएनए तपासतात तसेच ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन रात्री जंगलात बसतात. माझ्या मते बेडकांच्या अभ्यासात सूक्ष्मदर्शकाइतकेच महत्त्व चांगल्या कानाला आहे.

ज्याचे घर एका डोंगरापुरते, त्याला तो डोंगर उघडा पडला तर दुसरीकडे जाता येत नाही. श्रीलंकेत झुडूपबेडकांची एक भावंड-प्रजाती आहे, सूडोफिलॉटस. तिथल्या डोंगरांवरचे जंगल चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. एकोणिसाव्या शतकात गोळा केलेले बेडूक संग्रहालयांच्या बरण्यांतून होते. पुढच्या शोधात त्यांतले कितीतरी कोठेच सापडले नाहीत. या एका प्रजातीतल्या पंधरावर जाती नष्ट झाल्या असे मानले जाते. हे डबक्यात वाढणारे बेडूक नव्हते. त्यांच्यासाठी तळे खोदून काही उपयोग झाला नसता.

आपल्याकडेही याच प्रजातीचा एक बेडूक आंबोलीला आहे. त्याचे वर्णन २००९ साली झाले. आंबोलीच्या धुक्यात पर्यटकांची गर्दी वर्षानुवर्षे वाढते आहे. नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरांवर उन्हाळ्यात वणवे लागतात, बरेचसे माणसाने लावलेले. वणव्यानंतर पहिल्या पावसात डोंगर हिरवा होतो आणि पाहणाऱ्याला वाटते, काही बिघडले नाही. गवत परत येते हे खरे, पण पाचोळ्याचा जो थर अनेक वर्षांत साठलेला असतो तो एका हिरवाईत परत येत नाही. जगातल्या सर्व उभयचरांची पाहणी करून २०२३ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचे म्हटले आहे. पक्षी आणि सस्तन प्राण्यांची स्थिती यापेक्षा बरी आहे.

पाचोळा किती पाणी धरतो हे तुम्ही शाळेत मोजू शकता, आणि त्यासाठी बेडकाला हात लावण्याची गरज नाही. पावसाने आठवडाभर उघडीप दिली की हा प्रयोग करा. साबुदाणा खिचडीसाठी भिजवतो तसा भिजवा. भिजलेला साबुदाणा आणि बेडकाचे अंडे यांत दिसायला फारसा फरक नसतो. प्रत्येकी पन्नास दाण्यांचे चार वाटे करून प्रयोगशाळेच्या तराजूवर त्यांची वजने लिहून घ्या. पहिला वाटा उघड्या मातीवर उन्हात पसरून ठेवा. दुसरा झाडाच्या सावलीत, पण झाडलेल्या जमिनीवर. तिसरा त्याच झाडाखाली, बोटभर पाचोळ्याच्या आत. चौथाही पाचोळ्याखालीच, पण दाणे न पसरता एकत्र गोळा करून. मुंग्या आणि चिमण्या प्रयोगात भाग घेऊ नयेत म्हणून प्रत्येकावर मच्छरदाणीच्या बारीक जाळीची पुरचुंडी करा. दर तीन तासांनी वजन घ्या, संध्याकाळपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. आलेखाच्या कागदावर चारही रेषा काढा. तिसऱ्या आणि चौथ्या वाट्यांत फरक का पडला, हे वर दिलेल्या पृष्ठफळाच्या हिशेबाने सांगता येते का पाहा.

शिक्षकांनी हाच प्रयोग एकाच दिवशी दोन गावांत करवून घेतला तर अधिक बरे. नाशिकच्या आणि इगतपुरीच्या दोन शाळांनी आपापसांत ठरवून ऑक्टोबरातला एक दिवस घ्यावा आणि आलेखांची अदलाबदल करावी. जागेची उंची, झाडाचे नाव, पाचोळ्याची जाडी आणि त्या दिवशीचे तापमान ही चार टिपणे वहीत हवीतच. ती नसतील तर दोन आलेखांची तुलना करता येणार नाही. पाचोळा उकरताना हाताने उकरू नका, काठीने उकरा, कारण त्या ओलाव्यात विंचू आणि फुरसेही मुक्कामाला असतात. काम झाल्यावर पाचोळा होता तसा परत पसरून ठेवा.